पितळी पेला

पंच्याऐंशीच्या निवडणुकीत मी उमेदवाराच्या जीपमध्ये माइकवर घोषणा द्यायचो. शेवटच्या दिवशी जीप शिरपूरच्या भीमनगरात आली, साहेब नेमके आमच्याच दारात उतरले. ते माझं घर, हे मी सांगितलं नव्हतं. आईनं पाहुण्यांच्या पितळी पेल्यात पाणी दिलं. साहेबांनी फोटोपुरतं हसत ते संपवलं. जीपमध्ये बसताच त्यांनी थर्मासमधल्या पाण्यानं दोनदा चूळ भरली, म्हणाले, “मतांसाठी कुणाकुणाच्या घरचं पाणी प्यावं लागतं!” सवयीनं मी मोठ्यानं हसलो. माइकचं बटन बंद करायला विसरलो होतो. टपावरच्या भोंग्यानं सगळं वस्तीभर ऐकवलं. संध्याकाळी आईनं मला त्याच पेल्यात पाणी दिलं. “साहेब जे बोलनात ते जाऊ दे भाऊ, पन मांगे कोन हासना?” आई जाऊन वीस वर्षं झाली. तिनं माझं हसणं ओळखलं नव्हतं, असं मी पेला घासताना स्वतःला सांगतो.