ये अंगावर!

शेजारच्या क्लेबेरने एदिवाल्दोच्या आईचं पेरूचं झाड बुंध्यापासून तोडलं. का, तर म्हणे पानं गाडीवर पडतात. एदिवाल्दोचं टाळकंच सरकलं. त्याच संध्याकाळी तो जुजित्सूच्या क्लासात पांढरा पट्टा बांधून उभा राहिला.

"उभा काय राहिलास? आडवा हो," मास्तर म्हणाले.

दोन महिने त्यांनी पाठीवर पडूनच लढायला शिकवलं. समोरच्याला पायांत अडकवायचं, अंगावर ओढायचं, गळा आवळायचा. उभ्याने लढणं पुढे कधीतरी.

रविवारी भर दुपारी, रिओतली ती अख्खी गल्ली दारात असताना, एदिवाल्दो गरजला, "बाहेर निघ रे, झाडतोड्या!"

क्लेबेर निघाला. एदिवाल्दो तापलेल्या रस्त्यावर धाडकन उताणा पडला आणि पाय वर करून ओरडला, "ये अंगावर!"

क्लेबेरने त्याला नीट न्याहाळलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तोही उताणा पडला. तो सकाळच्या बॅचला होता.

"भित्र्या, तू ये!"

"झाड तू तोडलंस, तू ये!"

एदिवाल्दोची आई, दोना इरासी, कुठल्याच बॅचला नव्हती. त्यामुळे ती उभ्यानेच आली, हातात झाडू घेऊन. तिने आधी क्लेबेरला मनसोक्त झोडपलं आणि मग मुलाकडे वळली.

"अगं आई, मला का? मी तर तुझ्या झाडासाठी..."

"तो कुऱ्हाड चालवत होता, तेव्हाही तू सोफ्यावर असाच पडला होतास, मेल्या!"