न तुटणारा हूक

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायचे दोन हूक दुकानदाराने काउंटरवर ठेवले. एक हलका, दुसरा चांगला मनगटाएवढा जाड.

"हलकाच घे, हणमंता. तुझा जुना असलाच होता, म्हणून तर आज इथं उभा आहेस."

उन्हाळ्यापासून जो भेटे तो हणमंताला हेच ऐकवत होता. कालव्याचा भराव खचला, कांद्याने भरलेली ट्रॉली कलंडली, पण हूक मोडला म्हणून ट्रॅक्टर काठावरच राहिला. देव पावला म्हणे! गोण्यांवर बसलेली त्याची बायको ट्रॉलीबरोबर पाण्यात गेली, तेव्हा तो देव कुठं गेला होता, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

त्याने जाड हूक उचलून पाहिला. "ह्यो तुटत न्हाई?"

"सात जन्मांत नाही. पण तोच तर धोका आहे," दुकानदार म्हणाला. "ट्रॉली पालथी झाली, तर ट्रॅक्टरलाही ओढून नेईल. तुझ्यासकट."

हणमंताने बाहेर पाहिलं. दुरुस्त करून आणलेली ट्रॉली दारातच उभी होती. बाजारात कांदा विकायला आता आईऐवजी त्याची लेक जाणार होती. ट्रॉलीत आई बसायची त्याच कोपऱ्यात ती पोतं अंथरत होती.

त्याने हलका हूक दुकानदाराकडे सरकवला.

"ह्यो जाडच द्या. आता मला मागं ठिवून कुणी जायला नको."