तारेवरचा घुसखोर

सोमशेखर आण्णांनी मोर्सच्या खटक्यावरून बोट उचललं आणि ते सुरू झालं. बेडकाच्या घशात शिट्टी अडकावी तसा थरथरता सूर.

"आलं मढं," आण्णा म्हणाले. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

त्यांनी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं. पुरावा हवा होता.

बायको गेल्यावर पेठेतलं घर सोडून ते या गच्चीवरच्या खोलीत आले, तेव्हा सामान थोडंच होतं. वायरलेसचा संच, खटका, आणि समोरच्या नारळापर्यंत ताणलेली एरियलची तांब्याची तार. त्या तारेवर रोज सकाळी निपाणीचा सिद्धराम यायचा. टिंब-रेघांतलं बोलणं. समोरासमोर बसून ते दोघं कधी बोललेच नव्हते, आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

सिद्धरामच्या कानात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. निरोप घेताना तो एक ओळ टाकायचा. दुसरी आण्णांनी जोडायची. ओवी पुरी झाल्याशिवाय कोणी संच बंद करायचा नाही, असा दोघांचा रिवाज.

दिस उगवला बाई, उन्हं आली माळावरी, असं तिकडून यायचं. आण्णा डोळे मिटून खटका दाबायचे: सखा बोलतो दुरून, टिंब टिंब काळजावरी.

दिवाळीनंतर सिद्धराम यायचा थांबला. निपाणीच्या पत्त्यावर टाकलेलं कार्ड परत आलं, घराला कुलूप होतं. स्वतःचा नवा पत्ता आण्णांनीही त्याला कधी कळवला नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाला पत्ता कशाला सांगायचा?

संक्रांतीच्या सुमाराला संचाच्या काट्यावर सिद्धरामच्याच जागेवर, त्याच वेळेला हा सूर उगवला. आण्णांची खात्री होती, सिद्धराम कुठून तरी हाक मारत असणार. जुना माणूस, दमलेला संच. त्याची बारीक टिंबं या कल्लोळाखाली बुडत असणार.

राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा मृत्युंजयही हौशी रेडिओवाला होता. त्यानं सांगितलं की हे कॉम्प्युटरचं बोलणं आहे. अक्षरं टाइप करायची, कॉम्प्युटर त्यांचा सूर करून हवेत सोडतो, पलीकडं पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटतात. आण्णांना ते पटलं नाही. ज्याला हात नाही, त्याचं बोलणं कसलं? सिद्धरामच्या एका टिंबावरून त्यांना कळायचं, आज गुडघा दुखतोय की नात आलीय.

"काका, एक कॅसेट द्या की. बघूया तरी काय म्हणतंय."

"पिठाची चक्की काय म्हणती, ते कुणी बघत बसतंय व्हय? ते बंद कसं करायचं तेवढं सांग."

एक गोष्ट मात्र आण्णांना राहून राहून खटकायची. आपण खटका चालवत असेपर्यंत तो सूर कधी मध्ये आला नाही. आपण थांबलो की लगेच सुरू. मृत्युंजयला त्यात नवल वाटलं नाही. काही यंत्रं ऐकून मग बोलतात, तो म्हणाला. आण्णा म्हणाले, मग ही अदब नव्हे, दबा धरणं आहे.

एका सकाळी त्यांनी खटक्यावरच त्याला सुनावलं. घुसखोरा, वाट सोड, माझा माणूस यायचा हाय.

दुसऱ्या दिवशी सूर आला नाही. आण्णा जेवण विसरून कानाला हेडफोन लावून बसले. सिद्धरामही आला नाही. तिसऱ्या दिवशी सूर परत आला, आणि नेहमीपेक्षा लांबत गेला. आण्णांनी तोही टेप केला आणि कॅसेटींच्या नकला जोडून वायरलेसच्या सरकारी खात्याकडे तक्रार पाठवली. मानवी हात नसलेलं यंत्र, नाव न सांगता जागा अडवतं. मृत्युंजयनं साक्षीदार म्हणून सही केली, पण कुरकुरत.

खात्याची माणसं गाडी घेऊन हिंडली. मृत्युंजयच वर्दी घेऊन आला.

"हुपरीत सापडलं म्हणं. घरात एक बाई होती. भांडली न्हाय, काय न्हाय. सायबांच्या देखत वायर काढली. नुसतं म्हणाली, आता त्यांना कसं सांगू?"

"यंत्राला काय सांगायचं असतंय?" आण्णा म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी हसले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी हाक घातली. पुढं काही वाजलं नाही. सारवलेल्या अंगणासारखी जागा मोकळी. आण्णा आवाज वाढवत गेले. दूरवर वीज कडकडली की हेडफोनमध्ये तेवढं चरचरायचं. दुसऱ्या दिवशी तसंच. पाडवा गेला, वळीव येऊन गेला. नारळावरची तार वाऱ्यानं हलायची. आण्णा हाक घालायचे, थांबायचे, पुन्हा घालायचे.

शेवटी कॅसेटी पिशवीत भरून ते मृत्युंजयच्या दुकानात गेले. त्याची आई भजनी मंडळात होती.

"ह्यावर भजनं भर आईसाठी. माझं काम झालं."

मृत्युंजयनं चहा सांगितला. पुसायच्या आधी एकदा बघू का, म्हणाला. आण्णांनी खांदे उडवले. त्यानं टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली, वरचीच कॅसेट घातली. ओळखीचा सूर दुकानात थरथरला. चहा आला. आण्णा बशीत ओतत होते.

पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. लिपी इंग्रजी, बोली मराठी.

"काका," मृत्युंजय हळूच म्हणाला, "चष्मा लावा."

आण्णांनी बशी खाली ठेवली आणि चष्मा लावला.

सोमण्णा, रागावू नका. घुसखोर न्हवं, मीच हाय. लेकीकडं आणलंय मला. तुमचा खटका रोज ऐकतो. अंगावरनं वारं गेलं, खटका जमत न्हाय. एकच बोट चालतंय, लेकीनं हे यंत्र मांडून दिलंय. ओवी टाकतो, पुरी करा.

हात गेला, वाचा गेली, तार तेवढी राहिली