शनिवारची धार

शामलाबाईंनी विळी ऐरणीवर ठेवली. सलग पाचवा शनिवार, आणि पातं पुन्हा बोथट. धोंडबा लोहाराचं तोंड एवढंसं झालं. सक्करदऱ्यात त्याच्या हातची धार नावाजलेली, आणि त्यानेच घडवलेल्या या एका विळीने त्याची अब्रू चव्हाट्यावर आणायचं मनावर घेतलं होतं.

शनिवारी कोणी नवं लोखंड घरी नेत नाही, म्हणून त्या दिवशी दुकान ओस असे. जुन्याला धार लावायला मात्र बंदी नाही. बाई स्टुलावर बसत. यजमान जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा भिलाईला. त्याचं पत्र, तलावाचं आटलेलं पाणी, वांग्यातली कीड, सगळं त्या सांगत. धोंडबा मुद्दाम कानशीने हळूहळू धार लावी. त्याची बायको गेल्यापासून घरात भांडं पडलं तरच आवाज होई. आठवड्यात माणसाशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

त्या दिवशी मात्र त्याने पातं सहाणेच्या चाकावर धरलं. ठिणग्या लांब, सरळ निघाल्या, एकही फुलेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडक पोलादाची ठिणगी टोकाला फुलते. हे खिडक्यांच्या जाळ्यांचं माइल्ड स्टील होतं. शहरात नव्या वस्त्या उठत होत्या, जो तो जाळ्या आणि फाटकं मागत होता, दुकान त्याच गजांनी भरलेलं. वाकवा तसं वाकतं, जोडा तिथे जोडलं जातं, पण तापवून कितीही पाण्यात बुडवा, कडक म्हणून होत नाही. त्याच ढिगातला तुकडा चुकून विळीला गेला होता.

गप्प बसता आलं असतं. धार लावून द्यायची, पुढच्या शनिवारी बाई आल्याच असत्या. ते त्याच्या मनाला पटेना. त्याने ट्रकच्या कमानीच्या पोलादी पट्ट्याचं पातं घडवलं, पाण्यात बुडवून कडक केलं आणि सोमवारी स्वतः नेऊन दिलं. पैसे घेतले नाहीत.

"चूक माही होती, बाई. आता दोन वर्षं तरी तुमाले इकडं यायचं काम नाही."

बाई नुसतं बरं म्हणाल्या.

मग चार शनिवार स्टूल रिकामं राहिलं. धोंडबा भाता थांबवून उगाच रस्त्याकडे बघे. आपलं काम इतकं चोख झालं याचाच त्याला राग येई.

पाचव्या शनिवारी बाई आल्या. विळी पुढे केली. धार पार गेलेली.

"सुरण कापलं होतं," त्या खाली बघत म्हणाल्या.

धोंडबाने पातं उजेडात धरलं. धारेवर ओरखडे होते, दगडाचे. पायरीवर जोर लावून, बराच वेळ घासल्याशिवाय तसे पडत नाहीत. बाईंच्या तळहाताला चिंधी बांधलेली होती.

"या पोलादातच खोट हाय," तो म्हणाला. "दुसरं पातं करून देतो. पण आज शनिवार. न्याले उद्या या."

बाईंनी मान हलवली आणि स्टूल ओढून बसल्या.

धोंडबाने जाळ्यांच्या ढिगातला एक तुकडा उचलून चाकावर धरला. ठिणग्या लांब, सरळ निघाल्या; एकही फुलली नाही. तोच तुकडा त्याने भट्टीत घातला.