काचेत आणि हाडात

"ये, इथे डोळा लाव," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बँडमास्तरांची मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकली. काचेच्या बशीत निळे, सुरकुतलेले ठिपके दिसले.

"बाबांच्या पेशी?"

"त्यांच्याच. त्यांनी दिलेला नमुना इतकी वर्षं गोठवून जपला होता. निळ्या दिसतात त्या मेलेल्या. औषध तेच, त्यांना दिलेलं."

मुलीच्या केसांत आता रुपेरी बटा होत्या. तेव्हा दोन वेण्या असायच्या. बाबा रक्ताच्या कर्करोगाने वरच्या वॉर्डात होते. एका दुपारी सलाइनचा स्टँड ढकलत ते आपणहून इथे खाली प्रयोगशाळेत आले, मागोमाग ती. अंगात त्राण नव्हतं, पण बोटं त्या स्टँडवर ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. त्यांनीही असाच डोळा लावला आणि खदखदून हसले.

"काचेत मरतात की लेकाच्या! मग माझ्यातच का मरत नाहीत?"

डॉक्टरबाई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. थोड्याच दिवसांत बँडमास्तर गेले.

"शेवटी शेवटी म्हणायचे, औषध चांगलंच आहे, माझंच अंग कच्चं," मुलगी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी बशी बदलली. "आता ही बघ."

इथे तळाशी लांबट पेशींचं जाळं पसरलं होतं आणि त्याला बिलगून गोल, चकचकीत पेशी बसल्या होत्या. निळी एखाददुसरीच.

"याही त्यांच्याच. औषधही तेच. फक्त या वेळी खाली अस्थिमज्जेतल्या पेशी अंथरल्या. हाडाच्या आत, जिथे रक्त तयार होतं, तिथल्या. त्या यांना धरून ठेवतात, जगवतात. तेव्हा मी यांना काचेत एकट्याच ठेवून बघत होते. एकट्या मरतात गं. हाडात त्या एकट्या नव्हत्या."

"म्हणजे बाबांचंच हाड त्यांना सांभाळत होतं?"

"हो." डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. एवढंच सांगायला त्यांना जड जात होतं. "आता आधी पेशींना त्या आसऱ्यातून बाहेर काढायचं आणि मग औषध द्यायचं, असं करून बघतोय. वर एका बाईंना आज पहिला डोस दिलाय. तुझ्या बाबांना मात्र..."

मुलीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरबाई रुमाल शोधू लागल्या, पण ती हसत होती. डोळे पाण्याने भरलेले, तरी हसत होती.

"बाबांचंच हाड ते! दारी आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. एक क्लॅरिनेटवाला दोन दिवस राहतो म्हणून आला, तो माझी शाळा संपेपर्यंत हलला नाही. आई करवादायची, तर बाबा म्हणायचे, अगं, राहू दे. जाईल कुठे बिचारा?"