तीन वेळा रक्त

दुसऱ्यांदा रक्त घेऊन झालं तेव्हा पौर्णिमाची खात्रीच पटली, की ही तपासणी साखरेची नाही.

साखर तिला काही नवीन नव्हती. तिच्या आईला दहा वर्षांपासून आहे. माहेरी बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा बघायचा, की संपला विषय. इथे अमरावतीच्या या लॅबमध्ये सकाळी साडेसातला शिरेतून नळीभर रक्त काढलं, मग गोडमिट्ट पाणी पाजलं, तासाने दुसरी नळी भरली आणि अजून तासाने तिसरी भरणार होते. तोवर बसून राहायचं. खायचं नाही आणि ओकायचंही नाही, ओकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसरा महिना सरत आलेल्या बाईला ओकू नको म्हणणं म्हणजे म्हशीला डबक्यात बसू नको म्हणण्यासारखंच. पौर्णिमा संत्र्याची साल नाकाशी धरून दात आवळून बसली होती.

आणि ही सगळी उठाठेव कुलदीपने केली होती. ज्या नवऱ्याला लोहाच्या गोळ्या आणायची आठवण तीनदा करावी लागते, त्याने चांदूर बाजारहून स्वतः फोन करून नंबर लावला, चिठ्ठी खिशात जपून ठेवली आणि रात्री आठनंतर काही खाऊ नको म्हणून दोनदा बजावलं. तुझ्या आईला साखर आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी लवकर तपासायला सांगितलंय, म्हणाला. डॉक्टरीणबाई ते सांगत होत्या तेव्हा पौर्णिमा नेमकी बाहेर बेसिनपाशी उभी होती. घरी पहिली मुलगी चार वर्षांची. गेल्या महिन्यात शेजारीण सांगत होती, आता मशीनही लागत नाही, बाईच्या रक्तावरूनच कळतं पोटात काय आहे ते. पाणी कुठे मुरतंय ते पौर्णिमाला आता स्वच्छ दिसत होतं, आणि तिला भीती वाटत होती.

त्यात सासू. पहिल्या खेपेला रुख्मिणीबाईंनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. आज मात्र पहाटे कुलदीपला म्हणाल्या, "तू पोरीजवळ राय घरी," आणि एसटीत सुनेच्या शेजारी येऊन बसल्या. तेव्हापासून त्यांनी तिची पाठ सोडली नव्हती. सुनेने पाणी प्यायला मान वळवली तरी यांचे डोळे मागे. पहारा म्हणतात तो हाच.

पौर्णिमाच्या पर्समध्ये मुलीचा बिस्किटांचा पुडा होता. तिने मनाशी साधा हिशोब केला. उपाशीपोटीच लागतं म्हणतात ना, मग चार बिस्किटं पोटात गेली की यांची तपासणी गेली खड्ड्यात. ती उठली.

"कुठी चालली?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"बाथरूमले."

"पर्स ठेव माह्यापाशी."

"राहू द्या," म्हणून पौर्णिमा आत गेली आणि तिने कडी लावली. तिने पुडा फोडला. बारा तासांची भूक आणि समोर बिस्किट. दाराच्या वर जाळी होती, आणि बाहेर काउंटरवर रक्त घेणारी दीक्षा बसली होती. तिच्याशी कोणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं.

"काहो बाई, या रक्तातून पोरगा का पोरगी, ते समजते का?"

आवाज सासूचा होता. पौर्णिमाने अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

"नाही समजत, काकू," दीक्षा म्हणाली. "आणि असं विचारणं गुन्हा आहे. पाटी लावलेली आहे तिथे."

"वाचता येते मले. मंग तीन तीन नळ्या कायले? एक साखरेची, अन् बाकीच्या कुठी पाठवता?"

"तिन्ही साखरेच्याच. गोड पाणी पचतं की नाही ते बघतो आम्ही."

"हे पाय, माह्या पोरानं फोनवर तुमाले काई वेगळं सांगून ठेवलं असंन, तर आताच सांगून दे. मी सुनेले घिऊन आल्या पावली वापस जातो."

पौर्णिमाचं चावणं थांबलं. तिने बेसिनमध्ये सगळं थुंकलं, तीनदा चूळ भरली, जीभ पदराने पुसली. मग तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. नवऱ्यावरचा संशय गेला नव्हता, पण या बाईवर आपण उगाच घेतला याची तिला लाज वाटली.

ती बाहेर आली तेव्हा दीक्षा तिसऱ्या नळीसाठी हाक मारत होती. तिच्याआधी रुख्मिणीबाईच खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नळीवर नाव माह्यासमोर लिव," त्या म्हणाल्या. "अन् तपासणी कायची, तेबी लिव."

दीक्षाने लिहिलं. पौर्णिमाने बाही वर केली. सुई आत गेली तेव्हा तिने हळूच विचारलं, "आई, तुमाले कुलदीपचा संशय काहून आला?"

रुख्मिणीबाई भरत जाणाऱ्या नळीकडे बघत होत्या.

"तो व्हाच्या आधी मलेबी असंच आणलं होतं, दोनदा. रक्त तपासाचं हाय म्हणे, काई खाऊ नको. मी येडी, दोन्ही खेपेले उपाशी बसून रायली, अन् दोन्ही खेपेले पोट खाली करूनच घरी गेली."