चांगल्या जंतूंची पुडी

मिरानने पुडी फाडली, पांढरी भुकटी जिभेवर टाकली आणि वर घोटभर पाणी घेतलं.

"आजपासून दिवसाला तीन," ती म्हणाली. "एकीने काही होत नाही."

युनसॉलच्या हातातलं कोबीचं पान तसंच राहिलं. "वन्सं, तीन नका घेऊ."

"का गं? जंतू चांगलेच असतात ना?"

कोरियातल्या जॉन्जूच्या त्या घराच्या अंगणात हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालणं चाललं होतं. खारवलेल्या कोबीचा ढीग, तिखटाची लालभडक परात आणि भोवती तिघी: सासूबाई, थोरली नणंद मिरान आणि दीड वर्षापूर्वी सून होऊन आलेली युनसॉल.

युनसॉल एकेकाळी अठ्ठ्याण्णव किलोंची होती. लग्नाआधी सोलच्या डॉक्टरांनी तिचं बरंचसं जठर कापून काढलं आणि ती छप्पन्नवर आली. नवऱ्याला हे ठाऊक होतं. "आईला नको सांगूस," तो म्हणाला होता. पण सासूबाईंच्या हाती तिचा जुना फोटो लागला. "एवढी उतरलीस कशाने?" युनसॉलच्या तोंडून निघून गेलं, "प्रोबायोटिकची पुडी घेते, रोज सकाळी."

पुडी ती घेत होतीच. ऑपरेशननंतर पोट बिघडू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली.

चार महिन्यांपूर्वी मिराननेही तीच सुरू केली.

"त्याच पुड्या खाऊन ही काडी झाली, आणि तू बघ," सासूबाई म्हणाल्या. "पुसानला एकटी राहायचीस तेव्हा एका वर्षी कशी शेलाटी होऊन आली होतीस! घरी परतलीस आणि फुगलीस."

"तिथे जेवायला कोण घालत होतं, आई!" मिरान हसली.

दुपारी उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची पानात आली. मिरानने दोन घास खाऊन जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"आमच्यासमोर दोन घास. आणि आम्ही झोपलो की?" सासूबाई म्हणाल्या.

मिरानचे कान लाल झाले. ती परात उचलून नळाकडे गेली. मागच्याच आठवड्यात ती, जिथे कामाला होती त्या शाळेच्या स्वयंपाकघरात, भाताच्या पातेल्यासमोर चक्कर येऊन पडली होती. तिला घरी आणायला युनसॉलच गेली होती. तेव्हापासून युनसॉलला अन्न गोड लागत नव्हतं.

ती उठून मिरानच्या मागे गेली.

"वन्सं, मी खोटं बोलले. पुडीने काही झालेलं नाही. माझं ऑपरेशन झालंय. जठर कापलंय. आईंना आत्ता जाऊन सांगते, पण तुम्ही उपाशी राहू नका."

"माहीत आहे मला," मिरान परात घासत म्हणाली.

"कधीपासून?"

"तुझ्या पहिल्या जेवणापासून. एकेक घास किती वेळ चावत होतीस!"

युनसॉलचा आवाज चढला. "मग चार महिने त्या पुड्या कशाला खाल्ल्यात? माझी गंमत बघायला?"

मिरानने नळ बंद केला.

"नऊ वर्षांपूर्वी पुसानला मीही तेच ऑपरेशन करून घेतलं, युनसॉल. सगळं वजन परत आलं. मला वाटलं, तुझं टिकलंय ते या पुडीमुळे."